रूममेट एमडीच्या नादी लागलाय, मी काय करू?

ताई,

मी मूळचा आर्वीचा. नागपूरला हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वय २०. आम्ही तिघं रूम करून राहतो, भाडेकरार माझ्या नावावर आहे. तिघांतला एक जण पहिल्या वर्षापासून गांजा ओढतो. काही म्हटलं की 'झाडच तर आहे बे, दारूपेक्षा बरं' हे उत्तर ठरलेलं. दिवाळीनंतर तो एमडी ही नशेची पावडर घ्यायला लागला. आधी पार्टीत, आता दर दोन-तीन दिवसांनी. रात्र रात्र झोपत नाही, मग दिवसभर उठत नाही. दोन विषय राहिलेत. परवा म्हणाला, खाली रस्त्यावर कोणीतरी आपल्या रूमवर नजर ठेवून आहे. मी जाऊन पाहिलं, कोणी नव्हतं. ग्रुपमधले चार-पाच जण कॉन्ट्री काढतात आणि माल तोच आणतो. एकदा 'माझं खातं चालत नाहीये, पैसे तुझ्याकडे घे' म्हणाला, मी घेतले आणि त्याला दिले. त्याने मला इंग्लंडच्या शास्त्रज्ञांचा एक तक्ता दाखवला. त्यात दारूला ७२ गुण, गांजाला २०, एमडीला १३. म्हणजे दारू सगळ्यात वाईट आणि एमडी काहीच नाही, असं त्याचं म्हणणं. मी यातलं काही घेत नाही. फक्त खर्रा, आणि कोणाच्या वाढदिवसाला बिअर.

खरंच कशाचा धोका जास्त आणि कशाचा कमी? रूमवर पोलीस आले तर मीही अडकेन का? आणि त्याच्या घरी सांगू का? त्याच्या बाबांनी शेत गहाण ठेवून फी भरली आहे. सांगितलं तर तो माझं तोंड पाहणार नाही.

— हिंगणा रोडवरचा एक विद्यार्थी

*

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घाई त्याचीच आहे. हो, घरी सांगायचं, आणि याच आठवड्यात सांगायचं. 'कोणीतरी नजर ठेवून आहे' हे वाक्य तू पत्रात ओघात लिहून गेलास, पण मी तिथेच थांबले. रात्र रात्र जागरण, त्यात एमडी, आणि आता नसलेली माणसं दिसू लागणं किंवा उगाच संशय येणं, याचा अर्थ नशेने मेंदूवर ताबा मिळवायला सुरुवात केली आहे. या अवस्थेत मुलं घाबरून गॅलरीतून उडी मारतात, नाहीतर समोरच्याला शत्रू समजून अंगावर जातात. हे मानसोपचारतज्ज्ञाने पाहायचं दुखणं आहे. मित्राने समजूत घालून ते बरं होणार नाही. कसं सांगायचं आणि कुठे न्यायचं ते पुढे लिहिते. त्याआधी तो तक्ता बाजूला करू, कारण तुझा मित्र त्याच तक्त्याच्या आड लपलाय.

तक्ता खोटा नाही. डेव्हिड नट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. हे नट ब्रिटन सरकारच्या अमली पदार्थविषयक सल्लागार समितीचे अध्यक्ष होते. सरकारी धोरण शास्त्राला धरून नाही असं उघडपणे बोलल्यामुळे २००९ मध्ये त्यांना ते पद सोडावं लागलं होतं. वीस पदार्थ घेऊन, सोळा निकषांवर तज्ज्ञांनी प्रत्येकाला शंभरपैकी गुण दिले. दारू ७२ गुणांनी पहिली, त्याखाली हेरॉइन ५५. दारूचे ७२ कसे झाले ते मात्र मित्राने तुला सांगितलं नाही. त्यातले ४६ गुण इतरांना होणाऱ्या हानीचे आहेत: अपघात, मारहाण, घरातली हिंसा, दवाखान्यांवरचा भार. दारू लाखो लोक पितात, म्हणून समाजाचं एकूण नुकसान मोठं. फक्त घेणाऱ्याच्या स्वतःच्या हानीपुरतं पाहिलं तर त्याच तक्त्यात क्रॅक कोकेन, हेरॉइन आणि मेथ वर जातात, दारू त्यांच्याखाली येते. थोडक्यात, हा तक्ता एका देशाने त्या वर्षी काय सोसलं ते सांगतो. तुझ्या रूममधल्या मुलाने आज रात्री पुडी उघडली तर त्याचं काय होईल, हे सांगण्यासाठी तो केलेलाच नाही.

आणि एमडीचे १३. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ब्रिटनमध्ये ते २००९ च्या सुमाराला एकदम पसरलं आणि एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी आली. तक्ता त्याच वर्षीचा. ज्या पदार्थाला बाजारात येऊन जेमतेम एक-दोन वर्षं झाली होती, त्याचे वर्षानुवर्षांचे परिणाम कोण मोजणार? आपल्याकडे २०१५ साली ते एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, यादीत आलं. तेव्हापासून व्यसनमुक्तीच्या कामातली माणसं जे पाहतात ते तेरा गुणांत मावणारं नाही.

आता शरीराबद्दल, तुझ्या प्रश्नाला टाळाटाळ न करता. एमडी उत्तेजक आहे. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, अंग तापतं, भूक आणि झोप जाते. नाकाने ओढलं तर असर दोन-तीन तासांत ओसरतो, आणि ओसरताना लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं. एका रात्रीत पाच-सहा वेळा घेणारी मुलं यामुळेच तयार होतात. सोबत दारू असेल तर हृदयावरचा ताण आणखी वाढतो आणि आपण किती घेतलं याचं भानही राहत नाही. नशा उतरल्यावरचे दोन-तीन दिवस वेगळेच: अंधारून आल्यासारखी उदासी, चिडचिड, कधी मरणाचे विचार. तुझा मित्र दिवसभर उठत नाही तेव्हा तो आळस करत नाहीये. त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नकोस, आणि 'जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का' हे सरळ विचार. विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. मनात असलेला बाहेर पडतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

शिवाय पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आज तेवढीच पावडर, तेवढाच भाव, आणि आत दुसरंच काहीतरी. दारूच्या बाटलीवर निदान टक्केवारी छापलेली असते.

गांजाचं म्हणशील तर, नुसत्या गांजाच्या अतिसेवनाने श्वास थांबून माणूस मेला असं जवळपास ऐकायला मिळत नाही. हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मुलांना आपण गांजाबद्दल एक थाप मारली की एमडीबद्दलचं खरंही ती ऐकत नाहीत. पण न मरणं म्हणजे निरोगी राहणं नव्हे. युरोपातल्या अनेक शहरांत मिळून झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज गांजा ओढणाऱ्यांमध्ये मनोविकाराचा पहिला झटका येण्याची शक्यता न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट, आणि तीव्र प्रकारचा रोज ओढणाऱ्यांमध्ये जवळपास पाचपट निघाली. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असेल, किंवा सोळा-सतराव्या वर्षीच सुरुवात झाली असेल, तर धोका आणखी वाढतो. तुझा मित्र पहिल्या वर्षापासून ओढतो आहे आणि आता त्यावर एमडी. संशय कशामुळे सुरू झाला ते मी पत्रावरून सांगू शकत नाही. डॉक्टरांना मात्र दोन्ही सांगायचं, फक्त एकच नाही.

दारूलाही मोकळं सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०१९ मध्ये दारूमुळे जगात सुमारे २६ लाख माणसं गेली. यकृत, हृदय, निदान सात प्रकारचे कर्करोग, आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर येणारी आकडी आणि भ्रम होऊन बरळणं, ज्यात जीव जाऊ शकतो. म्हणून जुन्या पिणाऱ्याला 'आजपासून बंद' असा शपथेचा आग्रह करू नये, डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावी. झोपेच्या आणि शामक गोळ्या, ज्यांना कुठे 'बटन' म्हणतात, त्यांचंही तेच. गोळी आणि दारू एकत्र झाली की श्वास मंदावत मंदावत थांबतो. कॉलेजच्या पोरांना या जोडीची भीती वाटत नाही, कारण दोन्ही दुकानातच मिळतात. मला विचारशील तर एका रात्रीत मरण्याच्या हिशोबाने ही जोडी गांजापेक्षा कितीतरी भयंकर आहे.

आता कायदा. इथे तुझ्या मित्राचा गोंधळ दुसऱ्या दिशेने होतो. शरीराला जे कमी घातक ते कायद्यातही हलकं असेल, असं गृहीत धरून चालू नकोस. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने प्रत्येक पदार्थासाठी वजनाच्या दोन पायऱ्या ठरवल्या आहेत, अल्प प्रमाण आणि व्यावसायिक प्रमाण, आणि त्या पायऱ्या शरीराच्या हिशोबाने रचलेल्याच नाहीत. हेरॉइनने श्वास बंद पडून माणसं मरतात, त्याचं अल्प प्रमाण ५ ग्रॅम. एमडीएमएचं, म्हणजे पार्टीतल्या एक्स्टसीचं, अर्धा ग्रॅम. मुलं ज्याला स्टॅम्प म्हणतात त्या एलएसडीचं फक्त २ मिलिग्रॅम, आणि ०.१ ग्रॅमला ते व्यावसायिक होतं. नटच्याच तक्त्यात एलएसडी अगदी तळाशी आहे. उलट रेल्वे स्टेशनच्या आसपास लहान मुलं चिंधीवर ओतून हुंगतात ते सोल्युशन पहिल्याच वेळी हृदय बंद पाडू शकतं, पण ते एनडीपीएसच्या यादीत नाही. तिथे बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम लागतं, आणि तेही मुलाला देणाऱ्यावर. 'धोका कमी कशाचा' याचं एकच उत्तर म्हणून निघत नाही. शरीराला विचारलं तर एक क्रम लागतो, न्यायालयाला विचारलं तर दुसरा.

'झाडच तर आहे' याचंही तसंच. त्याच झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, अल्प प्रमाण १ किलो, व्यावसायिक २० किलो. त्याच झाडाचा चीक म्हणजे चरस, अल्प प्रमाण १०० ग्रॅम, व्यावसायिक १ किलो. नुसती पानं, म्हणजे भांग, एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाही, पण महाराष्ट्रात तिला दारूबंदीचा कायदा आहे. आणि अल्प प्रमाण म्हणजे माफी असा समज पोरांत फार पसरलाय. चार ग्रॅम गांजा सापडला तरी गुन्हा नोंदतो. शिक्षा एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं सेवन सिद्ध झालं तर २७ वं कलम, पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत. कागदावर शिक्षा छोटी वाटते. पण खटला चालू असेपर्यंत पासपोर्ट अडकतो, सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो दिसतो, आणि हिंगणा रोडवरून दर तारखेला कोर्टात जावं लागतं.

एमडीचं अल्प प्रमाण २ ग्रॅम. व्यावसायिक ५० ग्रॅम. आता तुझ्या मित्राचा हिशोब मांड. चार-पाच जणांची कॉन्ट्री घेऊन तो आणतो. प्रत्येकाचा अर्धा ग्रॅम धरला तरी पिशवीत दोन-अडीच ग्रॅम झाले. तिथेच पायरी बदलली, आणि शिक्षेची कमाल एक वर्षावरून दहा वर्षांवर गेली, वर एक लाखापर्यंत दंड. 'त्यात अर्धं तर पीठच असतं' असं तो म्हणेल. २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. म्हणजे विकणाऱ्याने केलेल्या भेसळीची शिक्षाही आणणाऱ्याच्याच माथी. पन्नास ग्रॅमच्या वर किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि ३७ व्या कलमामुळे जामीन मिळणं अतिशय कठीण, कारण 'हा दोषी नसावा' असं मानायला पुरेसं कारण आहे याची न्यायालयाला आधीच खात्री पटवावी लागते. मित्रांसाठी आणतो, नफा घेत नाही, हे वाक्य त्या तराजूवर काही वजन टाकत नाही.

तुझ्याबद्दल. हो, अडकू शकतोस. घर ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून ते अशा गुन्ह्यासाठी वापरू दिलं तर २५ व्या कलमाखाली त्या मूळ गुन्ह्याचीच शिक्षा त्याला होते. भाडेकरार तुझ्या नावावर आहे. सगळा जोर 'जाणूनबुजून' या शब्दावर आहे, आणि या कायद्यात आरोपीच्या मनात गुन्ह्याची जाणीव होती असं गृहीत धरलं जातं. नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचं असतं. रूममध्ये माल येतो हे तुला माहीत आहे, तू ते मला लिहिलंस. त्याहून मला काळजी त्या यूपीआयची वाटते. चार जणांचे पैसे तुझ्या खात्यात आले आणि त्याच्याकडे गेले, याची नोंद बँकेकडे आहे. कटात सामील असल्याचं २९ वं कलम लावायला तपास अधिकारी अशाच नोंदी शोधतात.

म्हणून काही गोष्टी आजच कर. खात्यावर पुन्हा एक रुपयाही घेऊ नकोस. त्याची पुडी उचलून लपवणं, दुसरीकडे ठेवणं, कोणाला पोचवणं, यातलं काहीही 'मित्रासाठी' करू नकोस. हातात आली की ती तुझी. रूममध्ये माल येणार नाही हे दोघांनी मिळून त्याला स्पष्ट सांगा. ऐकत नसेल तर करार मोडून बाहेर पड, महिन्याचं भाडं बुडलं तरी चालेल. आणि एका वकिलाला भेटून खात्यातल्या त्या व्यवहाराबद्दल विचार. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कायद्याचा प्राथमिक सल्ला तिथे मोफत मिळतो, त्यासाठी आधी गुन्हा नोंदलेला असावा लागत नाही. मोबाइलमधलं काही पुसत बसू नकोस, त्याने संशय वाढतो.

समजा कधी झडती झालीच, तर पळू नका, भांडू नका. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी असं मागण्याचा हक्क ५० व्या कलमाने दिला आहे आणि तो हक्क तुम्हाला सांगणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. खोलीच्या झडतीला मात्र हे कलम लागत नाही. अटक झाली तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर न्यावं लागतं. तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे २०२० च्या तोफान सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आहे. वकील येईपर्यंत नाव-पत्ता सांगून बाकी गप्प राहण्यात काही गैर नाही.

आता या सगळ्यात जी एक वाट उघडी आहे ती. याच कायद्यात ६४-अ नावाचं कलम आहे. व्यसनी माणसावर फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल, आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेता येते. तुझ्या मित्राला हे नीट समजावून सांग, कारण त्याला वाटत असेल की दवाखान्यात गेलो तर पोलिसांच्या हातात सापडू. खरं म्हणजे दवाखानाच त्याला वाचवू शकतो, पण तो पाच जणांचा माल वाहत राहिला तर ही वाट बंद होते. दोन ग्रॅमच्या पलीकडे ६४-अ नाही. नागपूर पोलिसांची अमली पदार्थांविरुद्धची 'ऑपरेशन थंडर' मोहीम तुम्ही पोस्टरवर पाहिली असेलच. आज पकडलं नाही म्हणजे उद्या पकडणार नाहीत असं नाही.

कुठे न्यायचं? शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या मेडिकलमध्ये, मानसोपचार विभाग आहे. मेयोत आहे, मिहानच्या एम्समध्येही आहे. मानकापूरकडे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जायला लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मुलगा 'मेंटलमध्ये नेता का' म्हणून बिथरणार असेल तर मेडिकलपासून सुरुवात कर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनामुळे होणारे मानसिक त्रासही येतात आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. एमडीला पर्यायी औषध म्हणून गोळी नाही. झोप आणि संशय यावर औषधं देतात, बाकी समुपदेशन आणि वेळ. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ वरून जवळच्या केंद्राची माहिती मिळते. एक सावधगिरी: रात्री गाडी आणून पोराला उचलून नेणारी, बांधून ठेवणारी खासगी केंद्रं आहेत. नोंदणी दाखवत नसतील, घरच्यांना भेटू देत नसतील, तर तिथे पाठवू नका. तिथून मुलं आणखी मोडून बाहेर येतात.

आणि एखाद्या रात्री रूमवरच तब्येत बिघडली तर? छातीत दुखणं, अंग भट्टीसारखं तापणं, आकडी, बरळणं, किंवा दारू-गोळीनंतर घोरल्यासारखा जड श्वास आणि निळे पडलेले ओठ, यातलं एकही दिसलं तर '१०८'. झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल, असं म्हणून सोडलेल्यांतले काही सकाळी उठत नाहीत. तापलं असेल तर कपडे सैल करा, पंखा, ओला फडका. बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा. पाणी, लिंबू, ताक तोंडात ओतू नका, उलटी करवू नका. डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा, त्यावर उपचार ठरतात. पोलिसांची भीती वाटेल. रुग्णालय मेडिको-लीगल नोंद करू शकतं, हेही मी लपवत नाही. पण आधी उपचार, कागद नंतर, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावलं आहे. कॉन्ट्री काढणाऱ्या सगळ्यांना हे आधीच सांगून ठेव. पोरं मित्राला दवाखान्याच्या दारात टाकून पळतात, ती भीतीपोटी पळतात.

तू स्वतःबद्दल लिहिलंस, 'फक्त खर्रा'. हा 'फक्त' मला सलतो. नागपुरात खर्रा कोणी नशेत मोजतच नाही, घोटून पन्नीत बांधून दिला की तो चहासारखा होतो. त्यातली तंबाखू आणि सुपारी दोन्ही कर्करोगकारक आहेत हे सिद्ध झालेलं आहे. तोंड तीन बोटं उघडेनासं होणं ही सुरुवात, आणि ते दुखणं विदर्भातल्या दंतवैद्यांना रोज दिसतं. १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, आयुष्यात एकदा तरी वापरलेल्यांपैकी किती जण त्या पदार्थावर अवलंबून झाले ते मोजलं होतं: गांजा ९ टक्के, दारू १५, कोकेन १७, हेरॉइन २३, आणि तंबाखू ३२. तुमच्या रूममध्ये सुटायला कठीण असं जे आहे ते तुझ्याही खिशात आहे. आज रात्री आरशासमोर तोंड उघडून तीन बोटं आत जातात का बघ, आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर दंत महाविद्यालयात दाखव. बिअरचंही सांगून ठेवते: महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, कडक दारूसाठी २५. तू २० चा. शिवाय तुझा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, सुट्टीत घरी जाताना बॅगेत बाटली नेलीस तर तोही गुन्हा.

त्याच्या बाबांकडे येते. आधी त्याला सांग, मागून नाही. तो झोपून उठलेला असेल, शुद्धीत असेल अशी वेळ बघ. 'तू रस्त्यावर माणूस पाहिलास, तिथे कोणी नव्हतं. मला तुझी भीती वाटते आहे. शनिवारपर्यंत तू बाबांना फोन कर, नाहीतर मी करेन. मी सोबत मेडिकलला येतो.' एवढंच, त्यात उपदेश नको. तो शिव्या घालेल, कदाचित मैत्री तोडेल. वर्षभर अबोला धरला तरी मी तुला सांग असंच म्हणेन.

त्याने नाही केला तर तू कर. बाबांना 'तुमचा मुलगा ड्रग्ज घेतो' असं पहिलं वाक्य टाकू नकोस. शेत गहाण टाकलेला बाप ते ऐकून एकतर कोसळेल नाहीतर काठी घेऊन निघेल. 'काका, त्याची तब्येत बरी नाही, झोप लागत नाही, भास होतात. नशेमुळे झालं आहे, पण उपचाराने सुधारतं. तुम्ही या, मी स्टेशनवर घ्यायला येतो. आल्यावर त्याला मारू नका, आधी डॉक्टरकडे जाऊ.' आई नाहीतर मोठी बहीण असेल तर तिलाही सोबत बोलवा. पण आधीच भास वाढले, त्याने दार लावून घेतलं, हातात काही धारदार घेतलं, किंवा मरणाची भाषा सुरू केली, तर शनिवारची वाट बघू नकोस, त्याच क्षणी १०८. ओपीडीचा केसपेपर सकाळी निघतो. त्याचं आधार कार्ड, कोणत्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं, आणि किती दिवसांपासून काय घेतो हे एका कागदावर लिहून सोबत न्या.

— ताई